खिशातला फोन आणि छातीतला पेसमेकर

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा आयसीडी, म्हणजे धोकादायक लय ओळखून हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, बसवलेले आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्या माणसांसाठी मी आज बोलणार आहे. विषय आहे स्मार्टफोनमधल्या चुंबकांचा.

मोबाइल फोन वापरात येऊ लागले त्या १९९०च्या दशकात डॉक्टरांना चिंता होती ती फोनच्या रेडिओलहरींची. फोन यंत्रापासून १५ सेंटीमीटर दूर ठेवावा आणि बोलताना विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा, हा सल्ला तेव्हापासूनचा आहे. पुढे या यंत्रांमध्ये बाहेरच्या लहरी गाळून टाकण्याची व्यवस्था सुधारत गेली आणि ती भीती बरीच ओसरली. त्यामुळे अनेकांनी तो सल्लाही मागे टाकला. आता तो पुन्हा पाळण्याची वेळ आली आहे, मात्र या वेळी कारण निराळे आहे.

फोनच्या स्पीकरमध्ये लहानसे चुंबक पूर्वीही असे. परंतु ऑक्टोबर २०२०मध्ये अ‍ॅपल कंपनीने आयफोन १२ बाजारात आणला, तेव्हा त्याच्या पाठीमागच्या बाजूला चुंबकांचे एक गोल कडे बसवलेले होते. चार्जर नेमक्या जागी चिकटावा आणि कव्हर किंवा पाकीट मागे घट्ट बसावे, यासाठी ही सोय होती. २०२३मध्ये वायरलेस चार्जिंगचे ‘क्यूआय २’ हे मानक आले आणि तीच रचना इतर कंपन्यांनाही खुली झाली. शिवाय ज्या फोनमध्ये असे कडे नाही, त्यालाही चुंबकाचे कव्हर घालता येते. म्हणून माझा फोन अमुक कंपनीचा आहे, तेव्हा मला काळजी नाही, असे कोणी धरून चालू नये.

आता साहजिकच प्रश्न येतो की, छातीतले यंत्र चुंबकाला प्रतिसाद देतेच का? हा यंत्राचा दोष नाही. चुंबक ओळखणारा संवेदक त्यात हेतुपुरस्सर बसवलेला असतो. शस्त्रक्रियेत विजेच्या उपकरणाने रक्तस्राव थांबवताना यंत्राचा गोंधळ होऊ नये, किंवा आयसीडी विनाकारण झटके देऊ लागला तर तो ताबडतोब थांबवता यावा, यासाठी डॉक्टर छातीवर चुंबक ठेवतात. पेसमेकरच्या बॅटरीचा अंदाज घेण्यासाठीही ही युक्ती वापरली जाते. अडचण एवढीच की, चुंबक डॉक्टरांच्या हातातले आहे की खिशातल्या फोनमधले, हे त्या संवेदकाला कळत नाही.

चुंबक जवळ आल्यावर दोन्ही यंत्रे सारखी वागत नाहीत. बहुतेक पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके पाहणे सोडून ठरावीक गतीने ठोके देऊ लागतात. यात छातीत धडधड जाणवू शकते, अस्वस्थ वाटू शकते, क्वचित एखादा ठोका चुकीच्या क्षणी पडून लय बिघडण्याची शक्यताही असते. तरी ठोके देण्याचे काम चालू राहते. आयसीडीचे तसे नाही. चुंबक जवळ असेपर्यंत तो धोकादायक लय शोधणे आणि झटका देणे स्थगित करतो. मला अधिक चिंता वाटते ती याच गोष्टीची, कारण त्या वेळी रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. ठोके नेहमीसारखे पडत असतात, प्रकृती ठीक वाटते, आणि ज्या संरक्षणासाठी शस्त्रक्रिया करून घेतली ते तेवढा वेळ हजर नसते. काही आयसीडी अशा वेळी बीप असा आवाज करतात. तो ऐकू आला तर आजूबाजूला चुंबक आहे असे समजून ती वस्तू लगेच दूर करावी. चुंबक दूर होताच बहुतेक यंत्रे आपोआप पूर्ववत काम करू लागतात.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. जानेवारी २०२१मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या डॉक्टरांनी ‘हार्ट रिदम’ या नियतकालिकात एक निरीक्षण प्रसिद्ध केले. आयसीडी असलेल्या रुग्णाच्या छातीजवळ आयफोन १२ नेताच यंत्राने उपचार स्थगित केल्याचे त्यांना दिसले होते. त्याच वर्षी ब्राउन विद्यापीठाशी संबंधित डॉक्टरांनी तीन रुग्णांवर अशी चाचणी घेतली, तेव्हा तिघांच्याही यंत्रांवर परिणाम दिसला. शरीरात न बसवलेल्या ११ यंत्रांपैकी ८ यंत्रांनीही चुंबकाला प्रतिसाद दिला. मात्र या चाचण्यांत फोन यंत्राला अगदी लागून किंवा दीड सेंटीमीटरच्या आसपास होता, हे विसरता कामा नये.

कारण इथे सगळे काही अंतरावर अवलंबून आहे. १० गॉसपेक्षा कमी चुंबकीय क्षेत्रात यंत्राने विचलित होऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा असते. चुंबकापासून थोडे दूर गेले की अंतर दुप्पट होताच क्षेत्राचा जोर साधारण आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१मध्ये रुग्णांना असलेला धोका कमी असल्याचे सांगितले आणि फोन व मनगटी घड्याळे यंत्रापासून १५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण वीतभर, दूर ठेवण्याची सूचना केली. वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटीमीटरपेक्षा अधिक अंतर राखावे, असे अ‍ॅपलने आपल्या ग्राहकांना सांगितले आहे. तेव्हा घाबरून फोन वापरणे सोडण्याचे काहीही कारण नाही.

पण वीतभर अंतर सांगायला सोपे असले, तरी ते मोडते कुठे ते पाहा. यंत्र बहुतेकदा गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या खाली, डाव्या बाजूला बसवलेले असते, आणि शर्टाचा खिसा नेमका तिथेच असतो. रात्री आडवे होऊन व्हिडिओ पाहता पाहता फोन छातीवर ठेवून झोप लागते. तो पट्ट्याने गळ्यात अडकवला तर चालताना छातीवरच हेलकावे खातो. बिनतारी इअरफोनची डबी, टॅबलेटचे चुंबकाने मिटणारे कव्हर, कपड्यांवर चुंबकाने लावायचे नावाचे बिल्ले यांनाही हाच नियम लागू आहे. इअरफोन कानात असताना प्रश्न नसतो; ते काढून छातीवर लोंबकळत ठेवले किंवा खिशात टाकले, की अंतर संपते. फोनसाठी पँटचा खिसा किंवा हातातली पिशवी बरी. रुग्णाला मिठी मारणाऱ्या, त्याच्या छातीवर डोके टेकवणाऱ्या घरच्या माणसानेही आपल्या खिशातला फोन आधी बाजूला ठेवावा, हे सहसा कोणाला सुचत नाही.

चक्कर आली, धडधड वाढली किंवा झटका बसला, तर प्रथम जवळची चुंबकाची वस्तू दूर करावी आणि डॉक्टरांशी संपर्क साधावा. शुद्ध हरपली तर इतरांनी थेट तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी. यंत्रासोबत मिळालेले ओळखपत्र कायम जवळ बाळगावे, कारण त्यावरून कंपनी आणि मॉडेल कळते आणि चुंबकाला प्रत्येक मॉडेल वेगळा प्रतिसाद देते. काही यंत्रांत हा प्रतिसाद डॉक्टरांना प्रोग्रामिंग करून बंदही करता येतो, पण तातडीच्या प्रसंगी तो उपयोगी पडत असल्यामुळे तसे करावे की नाही हा निर्णय डॉक्टरांवरच सोडावा. पुढच्या तपासणीला जाताना आपला नेहमीचा फोन त्याच्या कव्हरसह घेऊन जा आणि आपल्या यंत्राविषयी स्पष्टपणे विचारा. आपले यंत्र प्रतिसाद देते का, हे पाहण्यासाठी घरी फोन छातीला लावून प्रयोग मात्र मुळीच करू नका. ती चाचणी ईसीजी चालू असताना, डॉक्टरांच्या समोरच व्हायला हवी.