पेपर संपल्यावरचे तीन तास

श्रोतेहो, नमस्कार. गेली बरीच वर्षं मी नागपुरात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. बोर्डाची पूर्वपरीक्षा आटोपली की ‘नीट’ (वैद्यकीय प्रवेशपरीक्षा) आणि ‘सीईटी’ (राज्याची प्रवेशपरीक्षा) देणारी मुलं एकच प्रश्न घेऊन येतात, ‘मॅडम, सराव पेपर किती सोडवू?’ कुणाच्या डोक्यात वीस असतात, कुणाच्या पन्नास. मी उलट विचारते, ‘मागचा सोडवलास, तो तपासलास कधी?’ बहुतेकांनी फक्त मार्क बघितलेले असतात.

माझी एक विद्यार्थिनी रोज उमरेडहून बसने यायची. फार कष्टाळू मुलगी. बारा पेपर सोडवूनही मार्क जागचे हलेनात, म्हणून रडवेली झाली होती. एका दुपारी आम्ही तिचा शेवटचा पेपर घेऊन बसलो. भौतिकशास्त्राचे अकरा प्रश्न चुकले होते. त्यातले खरोखर न येणारे फक्त चार! बाकीच्यांत कुठे सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले होते, तर कुठे ‘अयोग्य विधान कोणतं’ वाचताना ‘अ’ निसटला होता. आणि ती मात्र महिनाभर ‘घूर्णन गती’चं प्रकरण पुन्हा पुन्हा वाचत होती. दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे.

म्हणून माझं सांगणं असं की, पेपरला तीन तास दिलेत तर तपासायलाही तीन तास द्या. सोडवताना खात्री नसेल तिथे पेन्सिलीने एक ठिपका द्या. ठिपक्याचं उत्तर बरोबर निघालं तरी तो प्रश्न चुकलेल्यांतच धरा, कारण तो आपल्याला आलेला नाही, लागलेला आहे. मग एका वेगळ्या वहीत प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: येतच नव्हतं, येत होतं पण विसरलो, की घाईत वाचलं.

विसरण्याबद्दल एक प्रयोग आठवतो. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे 42 टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, ते वाटणं फसवं असतं. पेपर सोडवताना मेंदूला आठवावंच लागतं.

आता सरावाची वेळ. ‘नीट’ची परीक्षा दुपारी दोन ते पाच असते, तीही मे महिन्यात. आपल्याकडे तेव्हा पारा पंचेचाळिशीकडे सरकलेला असतो. मुलं सराव करतात रात्री, कूलरसमोर. निदान शेवटचे काही पेपर भर दुपारी दोनलाच लावा. मनगटी घड्याळ काढून ठेवा, कारण केंद्रात ते नेता येत नाही. 180 मिनिटांत 180 प्रश्न आहेत. ओएमआरचे, म्हणजे उत्तरपत्रिकेवरचे गोळेही त्याच वेळात, पेनाने भरा. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा, म्हणजे एका चुकीने पाच गुणांचा फरक पडतो.

सीईटीचं गणित निराळं. तिथे गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. अभियांत्रिकीच्या गटाला भौतिक आणि रसायनचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत, नंतर गणिताचे 50 प्रश्न पुढच्या 90 मिनिटांत. पहिल्या भागातली उरलेली मिनिटं गणिताला मिळत नाहीत. म्हणून घरीही मधे गजर लावून दोन तुकड्यांत सोडवा. ही परीक्षा संगणकावर असते, तेव्हा निदान काही पेपर पडद्यावर, कच्चं काम कागदावर, असेच झाले पाहिजेत.

आई-बाबांनो, तुम्हाला एक कळकळीची विनंती. लेकरू पेपर देऊन आलं की ‘किती पडले?’ विचारण्याआधी पाणी द्या. विचारायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी, ‘आज काय नवीन सापडलं?’ असं विचारा. मार्कांना भिणारं मूल चुका लपवायला शिकतं. आणि लपवलेली चूक वहीत कशी येणार?

त्या उमरेडच्या मुलीने पुढे आठवड्याला एकच पेपर ठेवला: रविवारी सोडवायचा, सोमवारी तपासायचा. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती नागपूरला आत्याकडे मुक्कामाला आली, तेव्हा पुस्तकं सगळी घरीच होती. पिशवीत प्रवेशपत्र होतं आणि चुकांची ती एक वही.