किल्ली काढली, तरी इंजिन चालूच

मित्रहो, जुना डिझेल ट्रॅक्टर बंद होत नाही म्हटलं की पहिला हात जातो किल्लीकडे. किल्ली फिरवली, काढून खिशात टाकली, तरी इंजिन चालूच. मग कुणीतरी बॅटरीची वायर सोडवतो. त्यानं इंजिन थांबत नाहीच, उलट अल्टरनेटरचे (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) डायोड उडण्याची भीती असते. १८९७ साली रुडॉल्फ डिझेल यांनी ऑग्सबर्गला चालवून दाखवलेल्या इंजिनातही ठिणगी नव्हती, आणि आजच्या ट्रॅक्टरमध्येही नाही. सिलिंडरमधली हवा १६ ते २० पट दाबली जाते, पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात पडलेलं डिझेल आपोआप पेटतं. हवा आणि इंधन मिळतंय तोवर ते चालणार. थांबवायचं तर दोहोंपैकी एक तोडायचं.

म्हणून पाना हातात घेण्याआधी मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: हे इंजिन आत्ता जाळतंय काय? पंपातून येणारं डिझेल, की भलतीकडून शिरणारं ऑइल?

ओळखायचं कसं? हँड थ्रॉटल (हातानं रेस कमीजास्त करायची दांडी) मागे घ्या. इंजिन शहाण्यासारखं आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी रेसवर, आलं, तर घाबरायचं कारण नाही. पंप ठीक आहे, गव्हर्नर (रेस आपोआप सांभाळणारी यंत्रणा) ठीक आहे, बिघाड फक्त बंद करायच्या यंत्रणेत आहे. पण थ्रॉटल मागे घेऊनही रेस वाढतच चालली, तर मामला वेगळा. धूर काळाकुट्ट असेल तर बहुधा पंपाचा रॅक (डिझेल कमीजास्त करणारी सरकती पट्टी) फुल डिझेलवर अडकलाय. निळसर पांढरा दाट धूर असेल तर इंजिन स्वतःचंच ऑइल पितंय.

पहिला प्रकार सगळ्यात जास्त भेटतो. स्टॉपची दांडी ओढता, पण पंपावरचं लिव्हर पूर्ण शेवटापर्यंत जातच नाही. केबल ताणलेली असते, नाहीतर तिचं बाहेरचं कव्हर क्लॅम्पमधून सरकलेलं असतं. एकानं दांडी ओढायची, दुसऱ्यानं लिव्हरकडे बघायचं. हातानं लिव्हर शेवटापर्यंत दाबल्यावर इंजिन थांबलं, तर दोष केबलचा. एवढं न बघता पंप उतरवून दुरुस्तीला नेलेला मी अनेकदा पाहिलाय, आणि दर वेळी त्या माणसाच्या गेलेल्या दिवसांबद्दल वाईट वाटलंय.

स्टॉप सोलेनॉइडचा (करंटवर चालणाऱ्या चुंबकी खटक्याचा) असेल तर त्याची जात ओळखा. एका जातीत करंट मिळतोय तोवर इंजिन चालतं, दुसरीत करंट दिल्यावर बंद होतं. पहिल्या जातीची वायर काढून बघा. वायर काढल्यावर इंजिन थांबलं, तर किल्ली बंद असतानाही कुठून तरी करंट येतोय. स्विच खराब आहे, किंवा अल्टरनेटरकडून उलटा येतोय. वायर काढूनही चालू राहिलं तर आतला प्लंजर (सरकणारा दांडा) चिकटलाय. दुसऱ्या जातीत इंजिन बंद न व्हायला तुटलेली वायर किंवा गंजलेली अर्थिंग एवढंही पुरतं.

आता रॅक. लाइन पंपात रॅक सरकला की प्रत्येक एलिमेंट (एकेका सिलिंडरला डिझेल ढकलणारा भाग) फिरतो आणि डिझेल कमीजास्त होतं. इंजिन थांबलेलं असताना गव्हर्नरची स्प्रिंग बहुतेक पंपांत रॅकला जास्त डिझेलच्या बाजूलाच ढकलून ठेवते. ट्रॅक्टर महिनोन्महिने उभा राहिला, डिझेलमध्ये पाणी होतं, की रॅक तिथेच गंजून किंवा डिंकासारख्या घट्ट झालेल्या डिझेलनं चिकटून बसतो. मग स्टार्टर मारला की इंजिन सुटलंच. म्हणून बराच काळ उभा असलेला ट्रॅक्टर चालू करण्याआधी स्टॉपचं लिव्हर हातानं हलवून बघा, पंपाची खिडकी उघडून रॅक दोन्ही बाजूंना मोकळा सरकतोय का तेही बघा. कधी रॅक शून्यावर येतो, पण एकाच सिलिंडरवर इंजिन रखडत चालत राहतं. तिथे एका एलिमेंटचा क्लॅम्प स्क्रू ढिला होऊन तो शून्यापर्यंत फिरत नसतो. हे काम मात्र पंपवाल्याचं, कारण सगळे एलिमेंट पुन्हा सारखे जुळवावे लागतात.

डिझेलचा कॉक बंद करणं चांगलं, पण फिल्टरमध्ये आणि पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन आणखी काही वेळ चालतं. आणि नंतर डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा काढत बसावं लागतं.

ऑइल पिणाऱ्या इंजिनाला कॉकचा काहीच उपयोग नाही. तिथे हवाच तोडायची. हवेच्या पाइपच्या तोंडावर जाड फळी किंवा सपाट पत्रा दाबून धरायचा. हात नाही, कापड नाही. ओढ इतकी असते की कापड आत जातं आणि हाताला इजा होते. कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक असेल तर त्याचा झोत हवेच्या तोंडात सोडा. वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडायचा उपायही लोक करतात. ट्रॅक्टर उडी घेऊ शकतो, समोर माणूस असेल तर ते करूच नका. आणि चालत्या इंजिनावर नोझलचे पाइप ढिले करू नका. तिथला दाब शेकडो बारचा असतो, बारीक फवारा कातडीत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट जाऊ शकतं. असं झालं तर तडक दवाखाना.

थांबल्यावर डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढा. पातळी वर गेलीय आणि ऑइलला डिझेलचा वास येतोय? मग फीड पंपाचा पडदा किंवा पंपाचं सील गळून डिझेल खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतंय. वास नाही, तर कुणीतरी ऑइल जास्त भरलंय. पातळी ठीक असेल तर ऑइल बाथ एअर क्लीनरची वाटी बघा. खुणेच्या वर भरलेलं ऑइल सरळ सिलिंडरमध्ये ओढलं जातं. तीही ठीक असेल तर ब्रीदरवर (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीवर) हात धरा, पण इंजिन पुन्हा शांत चालायला लागल्यावरच. धुराचा जोर लागला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. टर्बो असेल तर त्याचं सीलही तपासा.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरचा पाइप सोडवून ठेवा. एक जण सीटवर, गिअर न्यूट्रलला. दुसरा फळी हातात घेऊन हवेच्या तोंडाशी. आयडलवर आलं, स्टॉप ओढला, थांबलं. पुन्हा चालू करा, पुन्हा थांबवा. तीनदा नीट थांबलं की पाइप बसवा.