टाकळीचे शंख

श्रोतेहो, नमस्कार. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज आपल्याला माहीत असतं. ज्यांच्या नावाचं हे कॉलेज १८८३ साली सुरू झालं, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी सीताबर्डीच्या टेकडीत एका लुप्त तळ्याचा शोध लावला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

हिस्लॉप मूळचे स्कॉटलंडचे, जन्म १८१७चा. मिशनरी म्हणून १८४५ साली ते नागपुरात आले, शाळा काढली. सवड मिळाली की सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर आसपासचे खडक पालथे घालायचे. सीताबर्डीला, टाकळीला त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. खाली काळा पाषाण, म्हणजे थिजलेला लाव्हा, वरही काळा पाषाण आणि दोहोंच्या मध्ये मातकट गाळाचा एक पातळ थर. त्या थरात शंख!

शंख कसले, तर गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे. त्यांत फायसा प्रिन्सेपी ही जात ठळक. टोक वर धरलं की तिचं तोंड डावीकडे येतं, आणि आजच्या फायसांपेक्षा ती बरीच मोठी. तिला नाव आधीच, १८४० साली मिळालं होतं. पण तिच्यासोबतचे बारीकसारीक शंखशिंपले वेचून, एकेकाचं वर्णन करून हिस्लॉप यांनी १८६०मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर निबंध छापला.

जरा विचार करा. तळं साचायला, त्यात गाळ बसायला, गोगलगायींच्या पिढ्या नांदायला शांत काळ लागतो. म्हणजे दख्खनचा लाव्हा एका दमात वाहिला नाही. तो थांबला, पाऊस पडला, तळी भरली, जीव रुजले आणि मग पुन्हा लाव्हा आला. नखाएवढ्या शंखांवरून एवढं वाचता येतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

हे थर इओसीन काळातले, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरच्या काळातले, असा हिस्लॉप यांचा निष्कर्ष होता. आज ते त्याहून जुने, डायनोसॉरच्या अखेरच्या काळाजवळचे, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे मानतात. वय बदललं, पण त्यांनी वर्णिलेल्या जातींचा आधार अभ्यासक अजूनही घेतात.

१८६३च्या सप्टेंबरात नागपूरजवळच्या टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून रात्री घोड्यावरून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडाले. सेहेचाळिसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्यांनी जमवलेले शंख लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहेत. त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती नागपूरच्या शाळाशाळांतून मुलांच्या हाती पडाव्यात, असं मला मनापासून वाटतं. नमस्कार.