रॅम संपली, आता कोण जाणार?

(लॅमिंग्टन रोड. काउंटरवर जुन्या रॅमच्या पट्ट्यांचा ढीग.)

कॉम्प्युटर अडकतोय? रॅम वाढवा. ग्रँट रोडच्या या दुकानांतला ठरलेला सल्ला. आम्ही मात्र मुद्दाम चार जीबीवरच थांबलोय, स्वॅपही, म्हणजे रॅम कमी पडली तर डिस्कवर वापरायची जागा, बंद ठेवलाय.

(लिनक्सचा स्क्रीन. मेमरीचा आलेख चढतोय.)

हा प्रोग्राम मेमरी मागत सुटलाय आणि लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम देतेय. मागितलेली सगळी मेमरी सहसा कुणी वापरत नाही, हा लिनक्सचा हिशेब. पत्रिका हजार वाटायच्या, पंगत पाचशेचीच मांडायची. खरी रॅम जाते ती प्रोग्राम त्या जागेला पहिल्यांदा हात लावतो तेव्हा. आज सगळेच जेवायला आलेत.

(माउस गोठलाय.)

डिस्कवरून परत आणता येईल ते कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी काढून टाकतो. तेही पुरेना, की ओओएम किलर उठतो. ओओएम म्हणजे आउट ऑफ मेमरी; मेमरी संपली की एखादा प्रोग्राम मारून जागा करणारा.

प्रत्येक प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, रॅम, स्वॅप आणि पेज टेबल (कुठली मेमरी कुठे आहे याची नोंद) यांची बेरीज. ज्याची बेरीज मोठी, तो गेला. शेवटचा घास कुणी मागितला, हे सहसा बघतच नाहीत. पूर्वी किती वेळ चालतेय, सीपीयू किती खाल्ला, असलंही मोजायचे. २०१० साली डेव्हिड रिएंट्जेस यांनी ते सगळं नव्यानं लिहिलं. रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या, प्रोसेसला ३ टक्के सूट तेवढी राहिली. ती काढायला २०१८ उजाडलं. साहेबांच्या सवलती अशाच जातात.

(क्लोज-अप: कीबोर्ड. एक आकडा टाइप होतोय.)

माणसाचा शब्द चालतो तो इथे. प्रत्येक प्रोसेसच्या बेरजेत आपला एक आकडा मिळवता येतो: उणे १००० ते अधिक १०००. एक अंक म्हणजे एकूण मेमरीचा हजारावा भाग. या मशीनवर उणे २५० टाकलं, की साधारण एक जीबी माफ. उणे १००० म्हणजे हातच लावायचा नाही. दुरून मशीनमध्ये लॉगिन करू देणारा एसएसएच सर्व्हर स्वतःला हेच लावून घेतो, म्हणजे आत शिरायची वाट उघडी राहते. डेटाबेसचा आकडा मात्र कितीतरी ठिकाणी शून्यावरच सोडलेला. आणि मशीनवर सगळ्यांत मोठा बहुधा तोच.

(काळा स्क्रीन. एक ओळ उमटते.)

'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस.' आवराआवर करायलाही वेळ नाही. सेव्ह न केलेलं गेलं. माउस हलला.

(फुटपाथ. हातातले फोन.)

अँड्रॉइड इतकी वेळ येऊ देत नाही. मेमरीवर ताण वाढला, की मागे पडलेली ॲप आधी जातात, समोर उघडं असलेलं शेवटी. सर्व्हरवर कोण महत्त्वाचं, हे ॲडमिननंच लिहून ठेवायचं. लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये त्यासाठी एक ओळ पुरते.