दिसायला ड्रम

(दृश्य : बडोदा, दांडिया बाजार. जुन्या इमारतीचा दुसरा मजला. खोलीत गडद लाल लाकडाचा, क्रोमच्या कड्या चमकणारा पूर्ण ड्रमसेट.)

रात्रीचे साडेदहा. या वस्तीत, या वेळी कुणी ड्रमसेटवर बसलं, तर पहिलं गाणं संपायच्या आत दारावर थाप पडायची. हा मुलगा मात्र हात राखून वाजवत नाहीये. आणि आपल्याला ऐकू काय येतंय? नुसती टपटप.

(आवाज : टपटप बंद. हेडफोनमधला भरदार ड्रम सुरू.)

त्याच्या कानात हे चाललंय.

हा इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट. लाकूड खरं आहे, कड्या खऱ्या आहेत. वरचं पान तेवढं वेगळं : प्लास्टिकच्या पडद्याऐवजी बारीक विणीची ताणलेली जाळी, तिच्याखाली फोमचा छोटा शंकू आणि शंकूखाली पिझो सेन्सर. काठी पडली की जाळी हलते, सेन्सर त्या हादऱ्याची वीज करतो, मॉड्यूल, म्हणजे सेटला जोडलेला आवाजाचा डबा, तिचा जोर मोजतं आणि आधीच रेकॉर्ड केलेला आवाज तेवढ्या जोरात सोडतं. हे सगळं काही मिलिसेकंदांत. आवाजासाठी एवढं मोठं लाकडी खोड लागतच नाही. बशीएवढं रबरी पॅड पुरलं असतं.

आणि बरीच वर्षं ते पुरलंही. १९८१च्या सिमन्स कंपनीच्या सेटला षटकोनी पाट होते, इतके टणक की वाजवणाऱ्यांची मनगटं धरायची. १९८५ मध्ये रोलँड कंपनीचा ऑक्टापॅड आला. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांनी तो असा काही उचलला की आज कुठल्याही कंपनीच्या तसल्या यंत्राला आपण ऑक्टापॅडच म्हणतो. आठ चौकोनांत ढोलक, तबला, ड्रम, घुंगरू, सगळा संसार! जाळीचं पान घेऊन रोलँडचा टीडी-१० हा सेट आला तो १९९७ मध्ये. हाताला सुख झालं, पण सेट दिसायचा काळ्या थाळ्या टांगलेल्या सांगाड्यासारखाच.

(दृश्य : गरब्याचं मैदान, दिवसा. मांडव उभारणं चालू.)

बडोद्याचा गरबा अनवाणी, टाळ्यांवर. ढोलवाला पुढे येतो तेव्हा मैदान त्याच्याकडे बघतं, कारण त्याचा खांदा, मनगट, ढोलावर पडणारा घाव, सगळं दिसतं. ऑक्टापॅडवाला कोपऱ्यात उभा असतो. निम्मा ठेका त्याचा, पण लांबून बघणाऱ्याला वाटतं, हा इस्त्री करतोय.

आमच्या मते खोड परत आलं ते या डोळ्यांसाठी. २०२०मध्ये रोलँडने व्हीएडी मालिका काढली, पूर्ण आकाराच्या लाकडी खोडांची. इतर कंपन्याही त्याच वाटेवर आहेत. गमतीचा भाग म्हणजे वादकालाही फरक पडतो. टॉम, म्हणजे वर बसवलेला ड्रम, जिथे असायला हवा तिथे असला की हात मोकळा फिरतो. झांजांनी मात्र बराच काळ पितळ उघडं पाडलं. सगळं देखणं आणि वर काळं रबर!

शेजारच्या खोलीत तबल्याचा रियाज करणारी बहीण या सेटकडे जरा तुच्छतेनेच बघते. तिच्याकडे पानाचे तीन भाग : चाट, लव, शाई. बोटभर सरकलं की बोल बदलतो. इथे बहुतेक पॅडना कळतं ते दोनच : पान की कड. काठी पानाच्या मधोमध पडली की काठालगत, हे महागड्या स्नेअरना, म्हणजे सेटमधल्या मुख्य ड्रमना, उमगतं, तेही अंदाजाने. बहिणीचं चुकलेलं नाही.

खरी परीक्षा नवरात्रात. स्टेजशेजारी माणसाएवढे सबवूफर. ते घुमले की फळ्या हलतात, फळ्यांबरोबर स्टँड, आणि सेन्सर बिचारा प्रामाणिक : हादरा बसला म्हणजे काठी पडली, असंच तो धरतो. कुणी हात न लावता टॉम बोलू लागतो. मग थ्रेशोल्ड वाढवायचा, म्हणजे ठरावीक जोराखालचा धक्का मोजायचाच नाही. भूत जातं. पण डाव्या हाताचे बारीक टिपके, ज्यांना ड्रमवाले घोस्ट नोट्स म्हणतात, ती भुतंही जातात.

त्या बदल्यात गायकाच्या माइकमध्ये झांजा घुसत नाहीत. साऊंडवाला खूश.

घरी मात्र किकने, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमने, घात केलाच. खालच्या मजल्यावरचे आजोबा एकदा वर आले. "अरे, आवाज नाही रे येत. पण छत धडधडतं." आवाज हवेतून जात नव्हता, पेडलचा ठोका फरशीतून उतरत होता. इंटरनेटवर जगभरच्या ड्रमवाल्यांनी सांगितलेला उपाय इथेही चालला : प्लायवूडचे दोन थर आणि मध्ये टेनिस बॉल. बॉल गल्ली क्रिकेटचेच.

(दृश्य : मैदान, मध्यरात्र. स्टेज आवरणं चालू.)

कार्यक्रम संपलाय, मॉड्यूल बंद. एक लहान मुलगा हळूच वर चढतो आणि मोठ्या ड्रमवर थाप मारतो. काहीच नाही. पुन्हा मारतो. मग वाकून खाली बघतो. तोवर केबलची गुंडाळी सुरू झालेली असते.