हशा नेमका कुठे कापायचा?

(दृश्य: नाशिकच्या गंगापूर रोडवरची एक खोली. भिंतींना गोधड्या टांगलेल्या.)

गोधड्या थंडीसाठी नाहीत, आवाज घुमू नये म्हणून लावल्यात. काल रात्री इथे चौघं मित्र आपल्या विनोदी कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगसाठी ११० मिनिटं एकमेकांची टर उडवत होते. तुमच्या कानावर त्यातली २८ पडतील. उरलेली ८२ कोणती, हे ठरवणारा पाचवा माणूस हेडफोन लावून कोपऱ्यात बसलाय.

चौघांनी ही तऱ्हा उचलली बीबीसी रेडिओवरून. तिथला 'जस्ट अ मिनिट' १९६७ साली सुरू झाला. दिलेल्या विषयावर मिनिटभर बोलायचं. अडखळायचं नाही, तोच शब्द पुन्हा नाही, विषय सोडायचा नाही. इथे एडिटरची पंचाईत! एरवी बोलण्यातली जी फट तो बिनधास्त उडवेल, तीच जपावी लागते, कारण समोरचा हरकत घेतो ती तिच्यावरच. बातम्यांची टर उडवणारा 'द न्यूज क्विझ' १९७७ चा. गुरुवारी संध्याकाळी प्रेक्षकांसमोर रेकॉर्डिंग, शुक्रवारी प्रसारण. मध्ये जेमतेम एक रात्र.

(दृश्य: फिरणारी फीत, ब्लेड.)

फितीच्या काळात सेकंदाला ७.५ इंच फीत सरकायची. म्हणजे तीन सेकंदांचा हशा कापला की हातभराहून लांब तुकडा टोपलीत. काप तिरका, म्हणजे सांधा कानाला टोचत नाही. आता माऊस आहे, पण हशा अर्ध्यात तोडला तर आजही लगेच कळतं. तो उतरू द्यावा लागतो.

(दृश्य: रविवार सकाळ, मिसळीचं टेबल.)

आणि इथे चाहत्यांचं भांडण. "तो तिसरा काही बोलतच नाही रे, कशाला घेतात त्याला?" तर्री निवतेय, वाद तापतोय.

तिसरा बोलतो. काल सलग सहा मिनिटं बोलला. गोदावरीचा पूर, काठावर गर्दी, आणि नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावर पैज लावणारे त्याचे काका. सावकाश रंगणारी गोष्ट. अशी माणसं कात्रीत सापडतात. एका वाक्यात टोला हाणणारे वाचतात. चाहते ज्याला गप्प म्हणतात, तो बऱ्याचदा नुसता लांबण लावणारा असतो.

सहा मिनिटं गेली, तिथवर ठीक. पण तासाभराने कुणीतरी वीजबिलाचं रडगाणं लावलं, आणि तिसरा एवढंच म्हणाला, "मारुतीच्या छातीला लागलं म्हण की." रात्रीतला सगळ्यात मोठा हशा!

आता? वाक्य ठेवावं, तर गोष्ट नाही. नाशिककराला कळेल, पुराचं पाणी इथे त्या मारुतीवरच मोजतात. पुण्यातला ऐकणारा विचारेल, कुठला मारुती? वाक्य काढावं, तर तिसरा पुन्हा मुका.

(दृश्य: पडद्यावर आवाजाच्या लाटा. रात्रीचा दीड.)

शेवटी गोष्टीतली ४० सेकंदं परत आली. काका आले, पैज आली, गर्दी बाहेरच राहिली. तेवढी जागा करायला दुसऱ्या कुणाचातरी चांगला विनोद गेला.

कुणाचा, ते त्या चौघांना अजून सांगितलेलं नाही.