आजीच्या अंगठीची आतली बाजू

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या भागातले गलाई व्यावसायिक भारतभर जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करून देतात, आणि कदाचित म्हणूनच घरात जुनी अंगठी सापडली की ती आटवण्याचा विचार आपल्याकडे आधी होतो. माझी विनंती एवढीच, की मुशीत टाकण्यापूर्वी ती भिंगाखाली आतून वाचावी, कारण सोने पुन्हा मिळते, त्यावरची अक्षरे मिळत नाहीत.

आपल्याकडे सोन्याची हॉलमार्क योजना २००० साली आली. त्यामुळे त्याआधी गावच्या सोनाराने घडवलेली अंगठी आतून कोरी असली, तरी तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. ९१६ हा आकडा २२ कॅरेटचा, ७५० हा १८ कॅरेटचा. ३७५ च्या शेजारी जहाजाच्या नांगराचे चिन्ह दिसले, तर तो इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या तपासणी कार्यालयाचा शिक्का असण्याचा संभव मोठा, आणि ते सोने अवघे ९ कॅरेटचे असते. आपल्या डोळ्यांना ते फिके वाटते आणि पुष्कळदा पितळ म्हणून बाजूला पडते. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने १४ कॅरेटपेक्षा अधिक कसाचे नवे दागिने घडवण्यास मनाई केली होती, हेही त्या काळातल्या अंगठीचा रंग पाहताना लक्षात असू द्यावे.

अर्थात शिक्का हा दावा असतो, पुरावा नव्हे. लोहचुंबकाचा उपयोग थोडाच, कारण पितळही त्याला चिकटत नाही. खडा नसलेली भरीव अंगठी असेल, तर सूक्ष्म काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा आणि अंगठी दोऱ्याने, तळाला न टेकवता, पाण्यात पूर्ण बुडवावी. सहा ग्रॅमची २२ कॅरेटची अंगठी सुमारे ०.३४ ग्रॅम दाखवील, पितळेची सुमारे ०.७०.

सराफाकडील कस मोजणारे यंत्र पृष्ठभागच वाचते, त्यामुळे जाड मुलामा त्याला फसवू शकतो. म्हणूनच कसोटीच्या दगडावर ओढलेली रेघ आणि तिच्यावरचे आम्ल यांचाही आधार घ्यावा. मात्र कस लावताना डाखाची, म्हणजे सांधा जोडलेली, जागा टाळायला सांगावे, कारण जुन्या डाखात सोने कमी असते आणि चांगल्या अंगठीचाही कस तिथे उतरलेला दिसतो.